भुकेल्यांसाठी निघालेली मोटार

आमच्या ह्यांना सगळे मिस्त्री म्हणतात. जुन्या मोटारी दुरुस्त करण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं. ज्या गाड्यांचे पार्ट आता कुठेच मिळत नाहीत, त्या लोक ह्यांच्याकडे आणतात आणि हे ते पार्ट घासूनठोकून हाताने बनवतात. घरातला नळ मात्र वर्षभर गळतोय. बोलून सोय नाही.

गेल्या हिवाळ्यापासून जिना चढताना ह्यांना मधेच बसावं लागतं. धापा टाकत पायरीवर बसतात आणि वर मलाच सांगतात, "चपलेत खडा गेलाय." रोज बरा खडा जातो! डॉक्टरकडे चला म्हटलं की, "मला काय धाड भरलीये?" मी रोज देवापुढे हात जोडून एकच मागायचे, ह्यांना स्वतःहून डॉक्टरकडे जायची बुद्धी दे. हे हसायचे. "तुझ्या देवाला आधी जगातले उपाशी बघू दे, माझा नंबर नंतर." टीव्हीवर कुठल्याशा देशातली बरगड्या निघालेली पोरं दिसली, की ह्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. ताट सरकवून उठायचे. म्हटलं, तुम्ही उपाशी राहून त्यांची पोटं भरणार आहेत का? मी तरी किती जणांची काळजी करू?

शेवटी मीच शनिवारची वेळ घेतली डॉक्टरांची. तर शुक्रवारी संध्याकाळी वकीलसाहेब दारात हजर. त्यांची ती हिरवी मोटार, आम्ही तिला म्हातारीच म्हणतो, मिस्त्रींचा हात लागल्याशिवाय हलत नाही. मोटारींच्या हौशी मंडळींनी जगातल्या भुकेल्यांसाठी नेमकी शनिवारीच फेरी काढली होती म्हणे.

"एवढं एकदा येऊ द्या मिस्त्रींना, वहिनी," वकीलसाहेब म्हणाले.

"गाडीला जपता तेवढं माणसालाही जपा," मी फणकारले. ते हसले, हेही हसले, आणि डॉक्टरांची वेळ गेली बोंबलत.

शनिवारी दुपार कलल्यावर हे परत आले. हातात कागदी पाकीट. हातपाय न धुताच खुर्चीत बसले. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा एकेक बाहेर आलं.

भर चौकात म्हातारी बंद पडली. ह्यांनी पुढून हँडल मारलं, पुन्हा मारलं, मारतच राहिले. ती सुरू झाली आणि ह्यांचाच दम संपला. वकीलसाहेब हात हलवून पुढे गेले. हे तिथेच फुटपाथवर टेकले, तेलकट कपडे, घामाघूम, मान खाली. मागून फेरीतल्या बायका गरिबांना जेवण वाटत येत होत्या. एकीने वाकून ह्यांच्या हातात पाकीट ठेवलं. "बाबा, खाऊन घ्या," म्हणाली. कुणीतरी फोटोही काढला.

मी उसळलेच. "आणि तुम्ही घेतलंत? तिला सांगायचं नाही, तुमच्या फेरीतली ती मोटार माझ्याच हातांनी चालतेय म्हणून?"

"सांगणार होतो गं. बोलायला दमच नव्हता."

अशी चिडले मी! त्या बाईवर, वकीलसाहेबांवर, ह्यांच्यावर. पाकीट उचलून कचऱ्याच्या डब्याकडे निघाले, तर म्हणतात, "टाकू नकोस. अन्न आहे."

मग काय करणार, दोन ताटल्या घेतल्या आणि अर्धं अर्धं वाढलं. गार झालं होतं, मीठही कमी होतं. हे मात्र जेवत होते. आज घास अडला नाही.

"त्या बाईची चूक नाही," मधेच म्हणाले. "मी तिला जसा दिसलो तसं तिने केलं." थोड्या वेळाने ताटलीतच बघत म्हणाले, "सोमवारी डॉक्टरकडे नेशील मला?"

इतके महिने मी देवाकडे हेच मागत होते. मिळालं, तर मला रडूच कोसळलं. अशा रीतीने नको होतं रे देवा.

पदराने डोळे पुसले. "नेईन की," म्हटलं. "येताना जिन्यात चपलेत खडा गेला, तर बसू मधेच. मीही बसेन तुमच्याशेजारी."