धुतलेली पिल्लं

लाँड्रीवाल्या मावशींच्या नजरेला डाग पडता कामा नये. पडला की संपलंच! पाहुण्याच्या बाहीवर चहा सांडला, तर पाहुण्यानं शर्ट काढून द्यायचा आणि टॉवेल गुंडाळून गप्पा मारत बसायचं. त्यांचे यजमान होते तोवर लोकांना बजावायचे, "हिच्यासमोर फार वेळ उभे राहू नका, पिळून वाळत घालेल." उभा जन्म बाईनं साबणाच्या फेसात काढला. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या मोरीत धुलाई, मधल्या खोलीत इस्त्रीचं टेबल आणि त्या टेबलाखाली ढब्बी.

ढब्बी ही मूळची रस्त्यावरची कुत्री. एका थंडीत कुणाला न विचारता आत शिरली, मळक्या कपड्यांच्या गाठोड्यावर झोपली आणि घरचीच झाली. मावशी तिला रोज हाकलायच्या आणि रोज तिच्यासाठी दूधही कोमट करायच्या. आता तिचं पोट जमिनीला टेकायला आलं होतं. सून म्हणाली, "आई, तीन-चार तरी असतील हो." तीन-चार! कसले तीन-चार घेऊन बसलात!

सकाळी कामाच्या ऐन गर्दीत कळा सुरू झाल्या. जनावरांचे डॉक्टर लांब कुठे गाईच्या ऑपरेशनला अडकलेले. फोनवर म्हणाले, "घाबरू नका मावशी, तिचं ती बघते. खोली उबदार ठेवा आणि पिल्लू अडकलं तरच हात लावा."

हात लावू नका, हे सांगायचं कुणाला?

पहिलं पिल्लू आलं ते चिकट पिशवीतून, हिरवट-काळ्या पाण्यात लडबडलेलं. मावशींना ते बघवेना. ढब्बीनं जीभ लावायच्या आत त्यांनी ते उचललं, पिशवी फाडली, नाक पुसलं, दोऱ्यानं बांधून नाळ कापली. इथवर ठीक होतं. पण मग लहान बाळांच्या कपड्यांचा सौम्य साबण काढला, कोमट पाण्यात पिल्लू खळबळून धुतलं आणि इस्त्रीनं गरम केलेल्या टॉवेलात गुंडाळून टोपलीत ठेवलं. "बिचारीला तेवढाच आराम," त्या म्हणाल्या. दुसरंही तसंच. तिसरंही. टॉवेल गरम करून करून सून थकली, पण पिल्लं काही यायची थांबेनात. प्रत्येक पिल्लामागे खालचं फडकं बदलायचं, मळकं उकळत्या सोड्यात टाकायचं, फरशी फिनेलनं पुसायची. नऊ पिल्लं झाली! टोपली कशी गिऱ्हाइकाला पोचवायच्या कपड्यांसारखी नीटनेटकी दिसत होती. मावशी अगदी खूश.

मग त्यांनी पिल्लं ढब्बीच्या पोटाशी लावली. ढब्बीनं हुंगलं, शिंकली आणि तोंड फिरवलं. पुन्हा लावली तर गुरगुरली. तिसऱ्यांदा तर उठून, फरफटत, लांबच्या कोपऱ्यात जाऊन पडली. पिल्लं केकाटत होती. हळूहळू त्यांचा आवाज बारीक होऊ लागला, आणि ते केकाटण्यापेक्षा भयंकर होतं.

डॉक्टरांना पुन्हा फोन लावला. "धुतलीत?" ते म्हणाले. "साबणानं?" मग भराभर सांगू लागले. "मावशी, तिच्या लेखी ती तिची पिल्लंच नाहीत. वासच गेला ना! बाळंतपणाचं एखादं भिजलेलं फडकं असेल तर ते त्यांच्या अंगाला चोळा. लगेच. पोटात आईचं दूध गेलं नाही तर नऊच्या नऊ जातील."

मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. धावत मोरीत गेल्या, काठीनं उकळत्या पाण्यातलं एकेक फडकं वर काढून नाकाशी नेलं. सगळी स्वच्छ. आयुष्यात पहिल्यांदा बाईला डाग हवा होता आणि घरभर शोधून एक सापडत नव्हता. सुनेनं ड्रॉपरनं दूध पाजून बघितलं, ते ओठांच्या कडेनं बाहेर आलं. एका पिल्लानं तोंड उघडायचंही सोडलं होतं. मावशी फरशीवरच बसल्या. "मीच मारली गं," त्या म्हणाल्या. "कुणी सांगितलं होतं मला? सांग ना, कुणी सांगितलं होतं?"



तेवढ्यात कोपऱ्यातून ढब्बी कण्हली. आणखी एक येत होतं. मावशींनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. पिल्लू बाहेर पडलं ते निपचित. ढब्बीनं स्वतः पिशवी फाडली, चाटलं, नाकानं ढकललं, पुन्हा चाटलं. ते हललं नाही. ती चाटतच राहिली.

"आई, ते मेलंय," सून हळूच म्हणाली.

मावशी उठल्या. जे करायचं होतं ते त्यांना कळलं होतं, आणि करवत नव्हतं. त्यांनी पिल्लाला हात घातला. ढब्बी आजवर त्यांच्यावर साधी भुंकली नव्हती, तिनं कडकडून चावा घेतला. मावशींनी हात मागे घेतला नाही. "चाव बाई, चाव. पण दे मला."

ते ओलं, मेलेलं पिल्लू त्यांनी टोपलीतल्या एकेकाच्या अंगाला चोळलं. डोकं, पाठ, पोट. मागून पडलेली वारही चोळली. त्यात त्यांच्या हाताचं रक्त मिसळलं. पहिलं पिल्लू ढब्बीसमोर ठेवलं तेव्हा त्यांच्या जिवात जीव नव्हता. ढब्बीनं हुंगलं. खूप वेळ हुंगलं. मग जीभ काढली.

एकेक करत तिनं सगळी जवळ घेतली. तोंड न उघडणारंही शेवटी दूध लुचू लागलं. सून हसता हसता रडायला लागली. "आई, जगली हो! सगळी जगली!"

ढब्बीनं मान वर केली. पोटाशी लागलेली नऊही पुन्हा हुंगली. मग तिची नजर मावशींच्या मांडीवरच्या दहाव्या पिल्लावर गेली आणि ती पिल्लांमधून उठू लागली. मावशींनी घाईघाईनं ते मेलेलं पिल्लू तिच्या पुढच्या पायांत ठेवलं. ती लगेच ते चाटू लागली.

"अगं, ते नाही उठायचं," मावशी म्हणाल्या आणि त्यांना हुंदका आवरेना. "तेवढं एकच मी धुतलं नव्हतं गं. तेवढंच नाही राहिलं."