वसतं घर लवकर विकलं जातं

बायकोलासुद्धा हे मी कधी सांगितलेलं नाही. सांगायचं म्हटलं की सुरुवातच सापडत नाही — आणि सापडली, तर वाटतं, ही आपण सोयीची निवडली.

शेलूबाजारला माझं घर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ओसरी. नोकरीपायी वाशिमला आलो आणि ते बंद पडलं. दोन वर्षं गिऱ्हाईक शोधलं. लोक यायचे, काळ्या मातीवरच्या घराला उन्हाळ्यात पडतात तशा भेगांवरून बोट फिरवायचे, आणि जायचे. एका म्हाताऱ्यानं तर तोंडावर विचारलं, "बंद काहून हाय? काई झालतं काय घरात?"

दलाल म्हणाला, "भाऊ, रिकामी खोली लहान दिसते. खाट कुठी टाकाव हेच माणसाले समजत नाही. मंग तो भेगा पाह्यते. घरात चहा उकळू द्या, दोरीवर कपडे वाळू द्या. वसतं घर लवकर इकल्या जाते."

चार वस्तू मागून आणता आल्या असत्या. मी — सुमनला आणलं.

सुमन माझी मावसबहीण. नवरा गेल्यापासून आसेगावला भावाच्या ओसरीत राहायची, ब्लाउज शिवायची. मी तिला म्हणालो, "घर बंदच हाय, राह्य तिथं. पाह्यजे तितके दिवस." विकायला काढलंय, हे बोललो नाही. तेव्हा ते खोटं होतं का? वाटलं होतं, घर काही एवढ्यात जात नाही, राहील बिचारी दोन-तीन वर्षं. की हे मी नंतर स्वतःला पटवलं? खरंच सांगता येत नाही. एवढं मात्र आठवतं — तिच्याशी बोलण्याआधी मी दलालाला 'घर वसतं करतोय' असा फोन केला होता.

तिनं फरशी घासली, भेगा बुजवून चुना मारला, शिलाई मशीन खिडकीशी मांडली. महिन्याभरात गल्लीतल्या बायका माप द्यायला येऊ लागल्या. दारात रोज सडा, रांगोळी. ते पाहून मला बरं वाटायचं. तिच्यासाठी, की घरासाठी? तेही आता वेगळं करता येत नाही.

दिवाळीनंतर रिसोडचं एक जोडपं घेऊन गेलो. सुमनला सांगितलं, ऑफिसातले आहेत, सहज आलेत. तिनं पोहे केले, चहा ठेवला. त्या बाईनं घरभर नजर फिरवून विचारलं, "कसं हाय घर, ताई?"

"लय गुणाचं हाय," सुमन म्हणाली. "इथं आल्यापासून मले झोप लागते."

मी तिथेच बसलो होतो, हातात कप. बोलता आलं असतं — आलं असतं ना? त्या बाईनं नवऱ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं, घर गेलं.

सुमनला सांगितलं, अचानक गिऱ्हाईक आलं, इलाज नाही. तिनं एकच विचारलं, "कोनं घेतलं?" मी सांगितलं. तिनं मशीनवरचा अर्धा शिवलेला ब्लाउज घडी करून ठेवला. मग हसली. "म्हंजे माह्या हातचे पोहे खाऊन घर आवडलं त्यायले. माह्या पायगुणानं इकलं पाह्य तुह्यं घर, दादा."

हाती घेतलेले ब्लाउज पुरे करून तिनं घरोघर पोचवले. आठव्या दिवशी मशीन जीपवर बांधली आणि आसेगावला गेली, त्याच ओसरीत.

दरवर्षी राखीला येते. पोह्यांची ती गोष्ट सगळ्यांना सांगते, हसून, अभिमानानं. बायको म्हणते, सुमनताईंचा पायगुणच तसा. मी जेवत राहतो.

मी तिला फसवलं, की नुसता गप्प राहिलो, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ठरलं तरी तिला त्यानं काय? ते घर मी तिला राहायला दिलं नव्हतं, गिऱ्हाइकांना दाखवायला तिला त्यात बसवलं होतं. सुमनला हे माझ्या तोंडानं सांगणं अजून बाकी आहे.