तळाशी एक पळी

ठिणगीमामा हे नाव काही आईबापांनी ठेवलेलं नव्हतं. ते वर्कशॉपमधल्या लोकांनी ठेवलं. त्यात निम्मा वाटा वेल्डिंगच्या कामाचा आणि निम्मा स्वभावाचा. फाटक चौकटीत नीट बसलं नाही, तर गिऱ्हाइकाच्या आधी हाच भडकायचा. पण जोड मारावा तो त्यानेच, हेही सगळे कबूल करायचे. साठी उलटली तरी मालक त्याला सोडत नव्हता, आणि त्यालाही घरी बसायचं नव्हतं. बायको गेल्यापासून घरी बसायचं म्हणजे कोणासमोर बसायचं, हाच प्रश्न होता.

बायको लॉन्ड्रीत इस्त्रीच्या टेबलापाशी दिवसभर उभी असायची. हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टेबलावरची कापडं. संध्याकाळी पाय ओढत यायची आणि तशीच ओट्यापुढे उभी राहायची. लग्न नवं होतं तेव्हा ती ढोबळ्या मिरच्या भरायची. वरची टोपी कापायची, बिया काढायच्या, खिमा आणि तांदूळ कालवून आत ठासायचे, मग एकेक मिरची पातेल्यात उभी करायची. मुलगी झाल्यावर हे लाड संपले. एके संध्याकाळी पोर कडेवर किंचाळत असताना तिने सगळ्या मिरच्यांचे तुकडे केले, खिमा, कांदा, टोमॅटो सगळं एकाच पातेल्यात लोटलं, वरून हाडं उकळलेलं पाणी ओतलं आणि झाकण ठेवलं.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

"भरलेली मिरची."

"भरलेली कुठे? ही तर फुटलेली दिसतेय."

"आत भरलंय का बाहेर, पोटाला काय कळतंय?" ती म्हणाली.

त्याने नाक मुरडलं आणि तीन वाडगे खाल्ले. त्या दिवसापासून दर रविवारी त्या घरात मिरचीचं सूपच झालं. सूप म्हणायचं ते नावाला. चमचा उभा राहील इतकं दाट.

कृती तशी सोपी होती. मिरच्यांचे तुकडे आधी कोरड्या पातेल्यात सालीकडून डागायचे, साल काळी पडून फुगेपर्यंत. मग ते काढून खिमा चांगला परतायचा, पाणी आटून तो तळाला धरू लागेपर्यंत. मग कांदा, लसूण, टोमॅटो, मिरच्या, पाणी. तांदूळ सगळ्यात शेवटी, आणि त्यानंतर झाकण अजिबात उघडायचं नाही. इथेच नवराबायकोचं वाजायचं. याला धीर कुठला? हळूच यायचा आणि झाकण उचलून बघायचा. ती पाठ करून काही चिरत असायची. मागे न बघताच तिच्या तोंडून निघायचं, "च्च!" की हा चोरासारखा झाकण खाली ठेवायचा. "ठेवलं गं, ठेवलं." वर्षानुवर्षं हे असंच चाललं. तिला पाठीला डोळे आहेत, असं तो सगळ्यांना सांगत फिरायचा.

मग ती आजारी पडली, आणि आजाराने फार दिवस घेतले नाहीत.

तिला पोचवून सगळे परतले, आलेले लोक आपापल्या घरी गेले, तेव्हा त्याने फ्रीज उघडला. आत ते पातेलं होतं, अर्ध्याहून जास्त भरलेलं. त्याच आठवड्यात केलेलं. त्याने गरमसुद्धा केलं नाही. उभ्या उभ्या पळीनेच खाल्लं आणि ओक्साबोक्शी रडला. मुलगी दारात उभी होती. तो तिला म्हणाला, "बघ, आहे ती. ही बघ, यात आहे."

नंतरचे दिवस तो ते पुरवून पुरवून खात राहिला. तळाशी एक पळी उरली तेव्हा त्याने पातेलं घासायला घेतलं, नळ सोडला, आणि बंद केला. हात धजेना. रविवारी त्याने त्या उरलेल्या पळीतच नवं सूप केलं. ते संपत आलं की पुन्हा एक पळी ठेवली, पुन्हा त्यात नवं. दह्याला विरजण लावतात तसं. जुनं नव्यात उतरतं, असा त्याचा हिशेब होता, आणि तेवढं एक पातेलं कोरडं पडलं नाही तोवर बायको घरातून पुरती गेलेली नाही, अशी त्याची खात्री होती. एवढंच त्याला राखायचं होतं. बाकी तिच्या साड्या, चपला, चष्मा, सगळं त्याने मुकाट्याने देऊ दिलं.

मुलगी दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करायची. आठवड्यातून एकदा डबा घेऊन यायची. तो झाकण काढायचा, एक घास घ्यायचा आणि डबा बाजूला सारायचा. "आईच्या हाताची चव तुझ्या हाताला नाही. काहीच उचललं नाहीस तिचं." मुलगी डबा धुऊन पिशवीत भरायची.

आता एक गोष्ट सांगायला हवी. ते पातेलं होतं अ‍ॅल्युमिनियमचं. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात आंबट साठवू नका, मीठ आणि टोमॅटो मिळून धातू खातात, हे ठिणगीमामाने किती गिऱ्हाइकांना ऐकवलं असेल त्याला गणती नाही. "भांडं आहे, बरणी नाही!" असं ओरडायचा. आणि स्वतः मात्र कित्येक महिने तेच करत होता. कळत होतं, वळत नव्हतं. सूप दुसऱ्या भांड्यात काढायचं त्याच्या मनात एकदोनदा आलंही. पण पातेलंही तिचंच होतं.

मग एका संध्याकाळी तो आवाज आला.

तांदूळ घालून झाले होते. सवयीने त्याने झाकण उचललं, आणि ओट्यापाशी कोणीतरी म्हणालं, "च्छ!"

त्याच्या हातातलं झाकण सुटून खणकन पडलं. स्वयंपाकघरात दुसरं कोणी नव्हतं. नळ बंद होता, खिडकी बंद होती. ती उभी राहायची ती जागा, जिथे फरशीची चमक तिच्या टाचांनी गेली होती, रिकामीच होती. तो भिंतीला पाठ लावून कितीतरी वेळ उभा राहिला. मग घसा खाकरून त्या रिकाम्या जागेला म्हणाला, "ठेवलं गं, ठेवलं."

पहिल्यांदा भीती वाटली, हे खरं. पण पुढच्या वेळी त्याने मुद्दाम झाकण उचललं. काही नाही. पुन्हा उचललं. "च्छ!" त्या दिवशी त्याने टेबलावर दोन वाडगे मांडले. पुढे पुढे तो वर्कशॉपमधून थेट घरी येऊ लागला, चहालाही थांबेना. सूप नुसतं गरम करायचं असलं तरी झाकण उचलायचा, आवाज यायचा, आणि मग तो दिवसभराचं सगळं तिला सांगत बसायचा. कोणाचं फाटक, कोणाची ग्रिल, मालक काय म्हणाला. कधी ती लगेच बोलायची, कधी बराच वेळ गप्प राहायची. गप्प राहिली की आपलं काही चुकलं का, हे तो आठवत बसायचा. त्याने हे कोणाला सांगितलं नाही. लोकांनी वेड्यात काढलं असतं, आणि मुलीने डॉक्टरकडे नेलं असतं.

त्या रविवारी सकाळी त्याने नेहमीप्रमाणे फ्रीजमधून पातेलं काढलं, तळाच्या पळीभर गोळ्यात थोडं पाणी घालून मंद आचेवर ठेवलं, आणि मिरच्या आणायला खाली उतरला. भाजीवाल्याच्या दुकानाची जाळी निखळली होती. "मामा, जरा बघा ना." मामाने बघितलं, जाळी कोणी बसवली होती त्याच्या नावाने शंख केला आणि उसन्या पक्कडीने ती पुन्हा ताणून बसवली. जिना चढताना त्याला करपल्याचा वास आला. शेवटच्या पायऱ्या तो धावला.

पातेल्यात पाण्याचा थेंब नव्हता. तळाशी काळा कोळसा झाला होता. त्याने उलथन्याने खरवडून पाहिलं, एखादा दाणा, एखादा ओला कण कुठे मिळतो का. काही मिळालं नाही.

त्याने मुलीला फोन लावला. "तुझी आई गेली."

"बाबा, आईला जाऊन वर्ष होत आलं."

"नाही. आत्ता गेली."

मुलगी आली तेव्हा तो जमिनीवर बसलेला होता, मांडीवर ते काळं पातेलं. कपड्यांना काळं लागलं होतं. त्याने तिला सगळं सांगितलं. पळीचं तिला ठाऊक होतंच. आवाजाचं तिने पहिल्यांदा ऐकलं. "आता ती बोलायची नाही," तो म्हणाला. "मीच मारली तिला. दुसऱ्याच्या जाळ्या ठोकत बसलो आणि घरात तिला जाळली."

मुलगी त्याच्यासमोर खाली बसली. तिला त्याची भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त त्याची दया येत होती.

"बाबा, ती आई नव्हती."

"काय?"

"ते शेवटचं सूप. ते मी केलं होतं. आईला उभं राहवत नव्हतं. तुम्ही कामावर होतात. ती आतल्या खोलीतून सांगत होती, मी करत होते. मला म्हणाली, यांना सांगू नकोस, घाबरतील. म्हणतील, हिला पळीसुद्धा उचलत नाही."

त्याने मांडीवरचं पातेलं घट्ट धरलं.

"आणि तिला पोचवून आल्यावर तुम्ही पळी तोंडाला लावून म्हणालात, यात आहे ती. तेव्हा मी काय सांगायला हवं होतं?"

"वर्षभर!" ठिणगी उडाली. "वर्षभर मला मूर्ख बनवलंस!"

"आणि वर्षभर तुम्ही मला सांगत होतात, माझ्या हाताला चव नाही म्हणून." तिचा आवाज चढला आणि मग फुटला. "माझंच खात होतात आणि मलाच सांगत होतात."

तो उठला. पातेलं पिशवीत घातलं आणि घराबाहेर पडला. दार त्याने आपटलं, ते साऱ्या जिन्याने ऐकलं.

वर्कशॉपला सुट्टी होती, पण किल्ली त्याच्याकडे असायची. आत नेहमीचा गंजाचा आणि ग्रीसचा वास. त्याने दिवा लावला आणि पातेलं घासायला घेतलं. मळावर जोड धरत नाही, हे त्याने आयुष्यभर पाळलं होतं. आधी काथ्याने, मग तारेच्या ब्रशने, मग पॉलिश पेपरने. वर्षभराचं सगळं निघालं. वरचा कोळसा, त्याखालचा लाल थर, त्याखालचा करडा. पातेलं पांढरं झालं तेव्हा त्याने ते दिव्यासमोर उलटं धरलं आणि आतून बघितलं.

तळाला, कडेजवळ, उजेडाचा एक ठिपका होता.

कसबी माणसाला बाकीचं कोणी सांगावं लागत नाही. आंबटाने भोक पाडलं होतं. शिजलेल्या तांदळाच्या चिकाने ते कधी बुजायचं, कधी उघडायचं. झाकण उचलताना पातेलं हलायचं, थेंब सुटायचा आणि शेगडीच्या तापलेल्या जाळीवर पडायचा. च्छ. एवढंच होतं ते. महिनाभर तो एका भोकाशी बोलत होता, दिवसभराचं सगळं त्याला सांगत होता.

तो स्टुलावर बसला. इतकं एकटं त्याला तिला पोचवून आल्यावरही वाटलं नव्हतं. त्या दिवशी निदान पातेलं तरी होतं.

बऱ्याच वेळाने त्याने आर्गन वायूचा सिलिंडर उघडला, काच डोळ्यांवर ओढली आणि भोक बुजवलं. पातळ पत्रा, करपून आणखी नाजूक झालेला. नवशिक्याने पार वितळवला असता. त्याने एक टिकलीएवढा टाका मारला, घासून सपाट केला, पाणी भरून खालून बोट फिरवलं. बोट कोरडं राहिलं. जोड चांगला झाला होता, आणि त्याचा त्याला काडीइतका आनंद झाला नाही.

घरी आला तेव्हा दिवेलागण होत होती. त्याला वाटलं होतं, मुलगी निघून गेली असेल. ती ओट्यापाशी होती. त्याने सकाळी आणलेल्या मिरच्या तिने चिरून ठेवल्या होत्या. त्याने पिशवीतून पातेलं काढून तिच्यापुढे ठेवलं. माफी मागणं त्या घराण्यात नव्हतं.

तिने पातेलं तापवलं, मिरच्या सालीकडून डागल्या. तो टेबलापाशी बसून बघत होता. साल फुगली, वास सुटला. खिमा तळाला धरेपर्यंत ती थांबली. घाई केली नाही. शेवटी तांदूळ घातले, झाकण ठेवलं आणि पाठ करून कोथिंबीर चिरू लागली.

घरात फक्त सुरीचा आवाज. तो कान देऊन बसला. भोक नाही, थेंब नाही, आता आवाज येणार नाही, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? तरी तो ऐकत होता. मग त्याला राहवेना. तो उठला, पाय न वाजवता ओट्यापाशी गेला आणि दोन बोटांनी झाकण उचललं. वाफ तोंडावर आली. आत नुसतं रटरटत होतं. जाळी गप्प होती.

"च्च!"

मुलीने मागे वळूनसुद्धा बघितलं नव्हतं. सुरी चालूच होती. आपण काही बोललो, हेही तिला कळलं नव्हतं.

त्याने खाली बघितलं. तिच्या टाचा त्या चमक गेलेल्या फरशीवर होत्या.

"ठेवलं गं," तो म्हणाला, "ठेवलं."