ट्रेबलच्या बटणावरचे ठिपके

“दादा, तू आधी हात खाली ठेव. बटणाला लावू नको. नुसता ऐक.”

“ऐकतोय म्हणूनच सांगतोय ना. या अ‍ॅम्पमध्ये धारच न्हाय. गोधडीखालून गिटार वाजवल्यासारखं वाटतंय.”

“धार न्हाय? काल नवरीच्या मावशीनं हळद लावायची सोडून दोन्ही कानांत बोटं घातली.”

“तिला नाचायचं नसेल.”

“आणि तिचा नवरा? तो मांडवाच्या बाहेर जाऊन बसला. त्यालाही नाचायचं नव्हतं?”

रुचिका चहाचे कप घेऊन ओटीच्या दारात थांबली होती. आत जावं की परत फिरावं, हे तिला कळेना. भावेश हा तिच्या नवऱ्याचा, हितेशचा चुलतभाऊ. भिवंडीतल्या टेमघरपासून खाडीकाठच्या गावांपर्यंत हळदीला वाजवणारी पार्टी त्याची. हितेश तिच्यात गिटार वाजवायचा; वयानं मोठा, पण पार्टीत भावेशचा शब्द चालायचा. आज शुक्रवार, गाळा बंद, म्हणून दोघांचं बोलणं घरभर स्पष्ट ऐकू येत होतं. एरवी मागच्या गाळ्यातले कापड विणणारे बारा लूम चालू असले की या घरात भांडणसुद्धा खुणांनीच व्हायचं.

“वाईट वाटून घेऊ नको दादा,” भावेश उठता उठता म्हणाला, “पण रविवारच्या हळदीत परत कुणी बोललं, तर मी कल्याणचा गिटारवाला आणणार. त्याला विचारून ठेवलंय मी.”

चहा न घेताच तो गेला. हितेश हसला, “याचे कान खराब झालेत.” रुचिकाही हसली. मग तिला सासरे आठवले.

ती कल्याणची. लग्न होऊन आली तेव्हा या घरातली माणसं एवढी ओरडून का बोलतात, याचं तिला नवल वाटायचं. सासरे तुळशीराम आयुष्यभर लूमपाशी उभे राहिलेले. धोट्याच्या ठोक्यांनी त्यांचे कान कधीच गेले होते, आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. “लूमवाल्याचे कान,” एवढं म्हणून सगळे मोकळे व्हायचे. सासूबाई, राहीबाई, त्यांना बोटांनीच जेवायला बोलवायच्या. पुढं रुचिकाचाही आवाज चढला. फोनवर बहीण म्हणायची, “ओरडतेस कशाला गं, मी काय नदीपलीकडं आहे?”

लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात हितेशनं तिला अ‍ॅम्पसमोर बसवून तीन बटणं शिकवली होती. “बेस म्हणजे पोट. मिड म्हणजे तोंड. ट्रेबल म्हणजे दात. घरात एकट्यानं वाजवताना मिड कमी केला की गोड लागतं, पण मांडवात तीच गिटार हरवते. तिथं कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड यांनी पोट आधीच भरलेलं असतं. आपण पोट आत घ्यायचं, तोंड पुढं काढायचं, आणि दात थोडेच दाखवायचे.” दिवसभर लूमची दुरुस्ती करून काळ्या झालेल्या बोटांनी तो हे सांगत होता. या माणसाला गाळ्याबाहेरचं काहीतरी येतं, याचा तिला त्या दिवशी केवढा आनंद झाला होता.

मांडवातल्या उजेडात बटणांवरचे आकडे दिसत नसत. म्हणून लग्नसराईला त्यानं जागा बदलली की तिथं ती नेलपॉलिशचा ठिपका द्यायची. ते ठिपके तिनं आज जवळ जाऊन पाहिले. बेसचा एकच ठिपका, मिडचे दोन, अगदी जवळ जवळ. ट्रेबलचे मात्र रांगेनं वर चढत गेलेले. पहिला गुलाबी, लग्नातल्या बाटलीतला, पाचवर. मग मरून, सहाच्या पुढं. मग केशरी, आठवर. आणि या वर्षीचा चंदेरी, ज्याच्या पुढं बटण फिरतच नाही.

प्रत्येक ठिपक्यामागचं कारण तिला आठवत होतं. एकदा तारा जुन्या झाल्या होत्या. मग वायर बदलली. मग स्पीकर बदलला. सगळं बदलून झालं होतं. अ‍ॅम्पमध्ये आता बदलायला काही उरलं नव्हतं.

“अहो,” ती म्हणाली, “जरा वाजवा ना. मला ऐकायचंय.”

“आत्ता?”

“गाळा बंद आहे. परत कधी ऐकणार?”

त्यानं गिटार घेतली. ती अ‍ॅम्पच्या बाजूला जाऊन उभी राहिली. तो डोळे मिटून वाजवत होता. आवाज खरोखरच विळीच्या पात्यासारखा होता. रुचिकानं ट्रेबल हळूच केशरीवर आणला. मग मरूनवर. मग गुलाबीवर. त्याची बोटं तशीच चालत राहिली.

पलीकडं अभ्यास करत बसलेली सात वर्षांची करिष्मा मान वर करून म्हणाली, “आता छान वाजतंय.” रुचिकानं ओठांवर बोट ठेवलं.

तिनं ट्रेबल पार शून्यावर नेला. आता ते खरंच गोधडीखालून आल्यासारखं ऐकू येत होतं. हितेश वाजवत होता. मग तिनं मिड केसभर मागं घेतला, आणि तो लगेच थांबला.

“मिडला कशाला हात लावलास?”

त्यानं डोळेसुद्धा उघडले नव्हते. कान एवढा तयार होता त्याचा.

“आणि ट्रेबल?” तिनं विचारलं. तिला स्वतःचा आवाज परका वाटला. “ट्रेबल कुठं आहे?”

“हाय तिथंच हाय. का?”

ती बाजूला सरकली. हितेशनं बटणाकडं पाहिलं. उठून ते स्वतः शेवटपर्यंत फिरवलं आणि एकच तार छेडली. करिष्मानं कानांवर हात ठेवले. त्यानं परत शून्यावर आणून तीच तार छेडली. करिष्माचे हात खाली आले. असं तीनदा केलं त्यानं. अ‍ॅम्पकडं तो बघतच नव्हता, बघत होता तो पोरीच्या हातांकडं.

“बाबांना सांगू नको,” शेवटी तो म्हणाला. “आणि भावेशला तर अजिबात न्हाय. बहिऱ्याला कोण बोलावतो हळदीला.”

शनिवारी ती त्याला ठाण्याला कानाच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. घरी सांगितलं, करिष्माच्या फ्रॉकचं कापड बघायचंय. काचेच्या खोलीत त्याच्या कानांवर हेडफोन लावले. आवाज आला की बटण दाबायचं. सुरुवातीला त्याचा अंगठा भराभर चालत होता, मग थांबला. काचेबाहेरून तिला तो अंगठा दिसत होता. चल ना, दाब ना, असं ती मनात म्हणत राहिली, पण तो वाट बघत तसाच वर राहिला.

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढं ठेवला. वरून सरळ आलेली रेघ उजवीकडं अचानक खड्ड्यात पडली होती. त्या समजावून सांगायला लागल्या, पण हितेशनंच बोट ठेवलं.

“चार हजार हर्ट्झला खाली ओढलंय,” तो म्हणाला. “इक्वलायझरची एक पट्टी कुणी खाली ओढून ठेवावी तसं.”

“बरोबर. काम कुठं करता?”

“भिवंडीला. लूम.”

“किती तास?”

“बारा. कधी चौदा.”

“गेलं ते परत येणार नाही,” त्या म्हणाल्या. “उरलंय ते टिकेल. पण त्या आवाजात रोज उभे राहिलात तर नाही. मांडवात दोन-तीन तास वाजवता, तिथं कानात रबरी बोळे घालून चालेल. लूमचं मात्र बंद करा.”

“कापूस घालून गेलो तर?”

“कापसानं काही होत नाही.”

परतीच्या वाटेवर त्यानं तो कागद चार घड्या करून खिशात ठेवला होता आणि वरून हात धरला होता. “बाबांना कसं सांगणार,” एवढंच तो दोनदा म्हणाला. एकुलता एक मुलगा. बारा लूम. मुलगा उभा राहील म्हणून सासऱ्यांनी गाळा वाढवला होता. ते काही न बोलता ताटावरून उठून गेले की पुढचे आठ दिवस घर कसं होतं, हे रुचिकानं पाहिलं होतं. आणि न सांगावं, तर पुढच्या लग्नसराईला मिडच्या बटणावरही ठिपके चढत जाणार, हे तिला दिसत होतं.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. तुळशीराम भाकरी मोडता मोडता मोठ्यानं म्हणाले, “हितेश, सोमवारी चार नंबरच्या लूमवर सुताचा नवा बीम चढवायचाय. सहाला ये गाळ्यात.”

हितेशनं खिशाला हात लावला. मग ताटाकडं बघून म्हणाला, “येतो बाबा.”

“कापड मिळालं का गं पोरीचं?” राहीबाईंनी विचारलं.

“कापड बघायला गेलोच नव्हतो आई,” रुचिका म्हणाली. तिनं वाढायचं थांबवलं, सासऱ्यांच्या समोर येऊन बसली आणि ते तिच्या तोंडाकडं बघेपर्यंत थांबली. “बाबा, यांचे कान चाललेत. डॉक्टरांना दाखवून आलो. सोमवारपासून हे गाळ्यात जाणार नाहीत. बीम चढवायला दुसरा माणूस बघा.”