ज्योत्स्नाचा कूलर

जळगावच्या पिंप्राळ्यात आमच्या शेजारी ज्योत्स्ना राहते. शाळेत ती माझी विद्यार्थिनी होती. उत्तर येत असलं तरी वहीत पुन्हा पडताळून मगच हात वर करायची. यंदा स्टुडिओतली नोकरी सोडून तिने पुढच्या खोलीत लग्नाच्या व्हिडिओचं स्वतःचं काम सुरू केलं. पहिलंच काम असोद्याच्या बेबाबाईंच्या लेकीचं. मांडव परतणीला लेक माहेरी आली की जमलेल्या बायांना फिल्म दाखवायची, असं ठरलेलं. हे काम चुकलं तर दुसरं कोण देणार, ही तिला धास्ती.

आणि ऐन मे महिन्यात कॉम्प्युटर दगा देऊ लागला. फिल्म तयार होत आली की ग्राफिक्स कार्ड तापायचं, पंखे घोंघावायचे आणि मशीन बंद. जळगावात कुणीही करील तेच तिने केलं. कॅबिनेट उघडून त्यावर वाळ्याच्या कूलरचा झोत सोडला. मीही वाहवा केली. थोड्याच दिवसांत आत ओलसर धूळ चिकटली आणि मशीन अधिकच तापू लागलं.

तिने ब्रशने सगळं साफ केलं, कूलर बाजूला सारला आणि कार्डाचं व्होल्टेज उतरवायला घेतलं. मला वाटलं, आता कामही मंदावेल.

ती म्हणाली, "सर, कंपनी सगळ्या कार्डांना सरसकट जास्तच व्होल्टेज ठरवून देते. माझ्या कार्डाला तेवढं लागेलच असं नाही. कमी तापलं तर वेग टिकवून धरील."

थोडं उतरवायचं, चाचणी घ्यायची, पुन्हा थोडं उतरवायचं. एका दुपारी पडदा काळा झाला आणि नेमक्या बेबाबाई दारात.

"बंद पडलं का वं?"

"नाही मावशी, जरा जास्तच उतरवलं. एक पायरी वर घेते. बसा तुम्ही."

पायरी वर घेतल्यावर मशीन स्थिरावलं. मग तिने वेगही किंचित वाढवून पाहिला. फिल्म कुठेही न अडता पूर्ण झाली, तीही पहिल्यापेक्षा लवकर. पंख्याचा आवाज इतका कमी, की मध्येच बेबाबाईंनी विचारलं, "चालू हाये ना?"

मांडव परतणीला असोद्यात फिल्म लागली. लेक गाडीत बसते तिथे बाया पुन्हा रडल्या. डोळे पुसता पुसताच बेबाबाईंच्या जाऊबाईंनी आपल्या पुनमच्या लग्नाचं काम ज्योत्स्नाला सांगून टाकलं.

कूलरचं तोंड आता ज्योत्स्नाच्या खुर्चीकडे असतं.