पुठ्ठ्यावरच्या तिघी

सरळच सांगते. आमच्या कॉलेजात कॉम्प्युटरचं प्रॅक्टिकल वहीत व्हायचं. प्रोग्राम वहीत लिहायचा, त्याचं आउटपुटही वहीतच, मशीन चालू न करता. सर सही करायचे. लॅबला कुलूप. आत प्रत्येक मशीनवर शिवून घेतलेलं कापडी कव्हर. दसऱ्याला मात्र मॉनिटरला हळदकुंकू लागायचं. पूजेला चालतं, शिकायला नाही!

लॅबमध्ये नवं मशीन एकच. त्यावर बसायची परवानगी फक्त माझ्या एक वर्ष पुढच्या मैत्रिणीला होती, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी. तिच्या वडिलांचं तिथंच वर्ध्यात कापडाचं दुकान. कॉलेजातून एक जरी तक्रार आली तर शिक्षण बंद, या अटीवर त्यांनी तिला पाठवलं होतं. ती अट मला माहीत होती.

तिचा विषय व्हर्च्युअल मशीन. म्हणजे एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर. आतला बिघडला तरी बाहेरच्याला धक्का नाही. माझ्या डोक्यात शिरेना, तेव्हा तिनं शर्टाच्या खोक्यातला पुठ्ठा घेतला आणि बॉलपेननं तीन पोरी काढल्या. टीव्हीवरच्या जपानी कार्टूनसारखे बशीएवढे डोळे, टोकदार केस.

"हे विकतचं सॉफ्टवेअर," ती म्हणाली. लांब कोट, कमरेला किल्ल्या, नाक वर. "हे फुकटचं." ठिगळाचं जाकीट, पायात स्लिपर, आणि तळहातावर दिवे लागलेलं अख्खं घर. तिसरी जाड चष्म्याची, मान मोडून वहीत लिहिणारी. "हे मशीनचा एकएक भाग नकलून काढते. लय हळू."

"हे त आपणच आहो वं!"

"मंग काय. पण हिच्या आत खरं काही चालते तरी."

त्याच आठवड्यात आम्ही लॅब उघडी ठेवण्यासाठी पत्रक काढलं. पुठ्ठ्यावरच्या चष्मेवालीचं चित्र मी वर छापलं. खाली लिहिलं: वहीतल्या कॉम्प्युटरचा निषेध असो. पुठ्ठा माझ्या बॅगेत होताच. तिला विचारावं असं मनातही आलं नाही. नाव कुठं टाकलंय, मग भीती कसली, असा माझा हिशेब.

अर्ध्या वर्गाच्या वह्यांतल्या आकृत्या तिनंच काढलेल्या होत्या. लॅबच्या भिंतीवरचा तक्ताही तिचाच. सरांनी पत्रक हातात घेतलं आणि तक्त्याकडे पाहिलं. तेवढं पुरलं. संध्याकाळपर्यंत कॉलेजचं तक्रारीचं पत्र तिच्या घरी पोचलं आणि तिचं येणं बंद झालं. कॉलेजला लाज नव्हती, हे मी आजही म्हणते. पण पत्रक कॉलेजनं छापलं नव्हतं.

मी दुकानात गेले. वडील गादीवर बसले होते. "काऊन बेटा, माफी मागाले आली का कागद वाटाले?"

ती आत परकराचं कापड फाडत होती. मी खूप बोलले, व्यवस्था वगैरे. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मले विचारलं असतं त म्या हो म्हटलं असतं."

परीक्षेपुरती ती आली, वडील बाहेर बाकावर. प्रॅक्टिकल वहीतच झालं.

पुढच्या वर्षी लॅब उघडी राहू लागली. आम्ही पेढे वाटले. मी नव्या मशीनवर बसले, तर तिचं आतलं मशीन तसंच थांबवून ठेवलेलं. शेवटच्या दिवशी ती जिथं होती तिथंच, एक क्लिक केलं की चालू होईल. माझा हात माउसवर होता. मी उठले आणि दुकानात गेले.

"आता काय छापा लागते?" वडील म्हणाले.

मी तिला विचारलं, उघडू का?

तिनं मीटरपट्टी खाली ठेवली. "नाई," ती म्हणाली. "राहू दे तसंच. अन् कव्हर नीट घालजो, धूळ बसते."