टोकदार नाकाचं स्थळ

एकोणीस वर्षांची असताना मला विमानांतलं सगळं कळतं, असं माझं ठाम मत होतं. विमानात मी कधी बसले नव्हते. जवळून पाहिलंही नव्हतं. फार उंचावरून एखादं सोलापूर ओलांडून गेलं, की अंगणात धावत जाऊन मी मान वर करायचे आणि जाहीर करायचे, "हंटर!" शेजारी उभ्या असलेल्या कुणालाच काही कळत नसल्यामुळे माझं कधी चुकलं नाही.

एकाहत्तरची लढाई संपून वर्ष-दोन वर्षं झाली होती. वर्तमानपत्रांत आलेले लढाऊ विमानांचे फोटो आम्ही कापून जपले होते. आम्ही म्हणजे कॉलेजातली तीन मुलं, मी आणि पलीकडच्या गल्लीतली माझी मैत्रीण. मुलांशी उघड बोलायची सोय नव्हती, म्हणून फोटो प्रॅक्टिकलच्या जर्नलमधून फिरायचे. बेडकाच्या आकृतीमागे नॅट, झुरळाच्या मागे हंटर. दोन नॅट दिली की एक हंटर मिळायचं. आईला हंटर म्हणजे चाबूक एवढंच माहीत. "कॉलेजात पोरी हंटर देतात-घेतात," असं ती शेजारणीला काळजीनं सांगायची.

माझ्याकडे नव्हतं ते मिराज. ते पाकिस्तानकडे होतं, आपल्याकडे नव्हतं, म्हणून तर मला जास्तच हवं होतं. अशात मैत्रिणीच्या भावानं मुंबईच्या फुटपाथवरून एक परदेशी मासिक आणलं. त्यात पानभर रंगीत मिराज!

आणि त्याच आठवड्यात वैरागची आत्या माझ्यासाठी मिरजेचं स्थळ घेऊन आली. मुलगा रेल्वेत कारकून. फोटोही आणला होता, तो मी न बघताच फळीवर ठेवला आणि "आधी बी.एस्सी." म्हणून तोंड फुगवून बसले.

मैत्रिणीचं घर तेलुगू विणकरांचं, पुढच्या खोलीत चादरींचे माग. त्या खटखटाटात गुपितसुद्धा ओरडून सांगावं लागायचं.

"त्यापेक्षा हे सेबर विमान घे की गं!" मैत्रीण ओरडली.

"दुसरं काही दाखवूच नकोस! मला मिराजच पाहिजे! मिराज नाही तर काही नको!"

नेमकी तेव्हाच आत्या मला बोलवायला त्यांच्या पायरीवर येऊन ठेपली होती. ती तशीच मागे फिरली आणि दुकानातून आलेल्या माझ्या वडिलांना, अप्पांना, तिनं दारातच गाठलं. हे मला मागाहून कळलं.

"दादा, पोरगी तुज्याम्होरं लाजती रं. तितं मैत्रिणीपाशी वरडून सांगत हुती, मिरजच पायजे म्हनून! ह्या कानांनी ऐकलं की मी."

रात्री जेवताना अप्पा म्हणाले, "आत्यानं सांगितलं मला."

मला वाटलं, आता विमानांवरून बोलणी बसणार. "तुम्ही रागावला नाहीत?"

"रागवायचं काय त्यात? तुझी आवड. फोटो नीट बघितलास ना?"

"बघितला म्हणून तर! त्याचं नाक किती टोकदार आहे, अप्पा!"

अप्पांनी भाकरीकडे पाहिलं. "नाकाचं राहू दे. बाकी?"

"आवाज तर असा, की घरांच्या काचा फुटतात!"

अप्पांनी पाण्याचा घोट घेतला. "रेल्वेत आहे, मोठ्यानं बोलायची सवय असेल," ते म्हणाले.

रेल्वेचा इथं काय संबंध, ते मला कळलं नाही. पण परवानगी मिळत असताना शंका काढू नये, एवढी अक्कल मला होती. तेवढीच होती.

रविवारी सकाळी माझी सगळी नॅट आणि हंटर मैत्रिणीच्या ओटीत घालून, मिराजची गुंडाळी काखेत मारून मी घरी आले. घरात तुपाचा वास. आई शिरा परतत होती, आत्या माझं लुगडं झटकत होती.

"आवर की लवकर! मिरजेची मानसं निगाली बी असतील."

"कोण मिरजेची?"

"आगं बया! ज्याच्यासाटी वरडत हुतीस, त्योच!"

मी गुंडाळी उलगडून जमिनीवर पसरली. "हे मिराज! हे! पाकिस्तानातलं!"

आत्या मटकन खाली बसली. "पाकिस्तानातला? मंग रेल्वेत कसा घेतला त्येला?"

मी रडायच्या बेतात. अप्पा त्या पानापुढं उकिडवे बसले. मग म्हणाले, "नाक टोकदार आहे खरं." उठताना हळूच म्हणाले, "बघायला या, एवढंच मी कळवलंय. नको असेल तर चहा देताना माझ्याकडे बघून मान हलव. पुढचं मी निस्तरतो."

नुसती मान हलवायची! पण मी कसली ऐकते. शिऱ्याच्या बश्या टाकून मंडळी पळाली पाहिजेत, असं काहीतरी करायचं मी ठरवलं. मुलाच्या मामांनी विचारलं, "आवड कशाची? भरतकाम, विणकाम?"

"लढाऊ विमानांची," मी म्हटलं, आणि सुरू झाले. त्रिकोणी पंख, आवाजाच्या दुप्पट वेग, शेपटीला आडवे पंख का नसतात. ते का नसतात हे मलाही माहीत नव्हतं, पण सांगितलं. मामांचा चमचा हवेत राहिला. दाराआड आत्या देवाचं नाव घेत होती.

मुलानं सगळं खाली मान घालून ऐकलं. नाक पार बसकं. मग म्हणाला, "आमच्याकडे विमान नाही. जंक्शन आहे. चालेल?"

मला फिस्सकन हसू आलं, तेही चहाचा ट्रे हातात असताना. निम्मा चहा बश्यांत. अप्पा माझ्याकडे टक लावून बघत होते. मान हलवायची ती हीच वेळ. मान हलेचना. तोंडातून निघालं, "परीक्षा झाल्यावर."

त्यानं तेव्हा पहिल्यांदा वर पाहिलं. "एप्रिलची, की ऑक्टोबरची?"

म्हणजे मी नापास होणार! "एप्रिलचीच!" मी तणतणत म्हटलं.

"बरं. मग एप्रिलपर्यंत थांबतो," तो म्हणाला आणि शिरा खायला लागला.

हो म्हटल्याचं माझ्या लक्षात येईपर्यंत आईनं सगळ्यांच्या हातावर साखर ठेवलीसुद्धा. जर्नलातल्या बेडकाकडे मी नीट पाहिलं, ते त्या संध्याकाळी पहिल्यांदा.